कॉफीच्या एका वाक्यात पोलिश व्याकरण

'पियें काव्हें झ म्लेक्येम.'

पोलंडमधील घरांत, कचेऱ्यांत आणि उपाहारगृहांत रोज कितीदा तरी उच्चारले जाणारे हे वाक्य. अर्थ अगदी साधा आहे : 'मी दुधाची कॉफी पितो' किंवा 'पिते'. शब्द अवघे चार, आणि त्यांतला एक तर निव्वळ एका व्यंजनाचा. परंतु पोलिश शिकू पाहणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांत ज्या गोष्टी छळतात, त्यांपैकी बहुतेक या चार शब्दांत दबा धरून बसलेल्या आहेत. वाक्यात थोडा फेरफार करा, नकार घाला, भूतकाळ आणा, एकाच्या जागी पाच कॉफी मागवा, की एकेक गोष्ट बाहेर पडते.

पोलंड हा सुमारे पावणेचार कोटी लोकसंख्येचा देश. २००४ साली तो युरोपीय संघात दाखल झाला आणि पोलिश ही संघाच्या अधिकृत भाषांपैकी एक झाली. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी तेथे जाणाऱ्या भारतीयांत मराठी तरुणही आहेत. ही मंडळी पोलिश शिकतात ती बहुधा इंग्रजी पाठ्यपुस्तकांवरून. घोटाळा येथेच होतो. इंग्रजीतून विभक्ती जवळजवळ नाहीशी झालेली असल्याने त्या पुस्तकांना 'नामाचे रूप वाक्यातील कामाप्रमाणे बदलते' ही गोष्ट एखाद्या नवलासारखी, पानेच्या पाने खर्चून समजावावी लागते. वाचणाराही मग घाबरून जातो. वास्तविक ज्याने शाळेत मराठी व्याकरणातील विभक्ती-प्रत्यय घोकले आहेत आणि दोन-तीन वर्षे का होईना संस्कृतची रूपे म्हटली आहेत, त्याच्या हाती पोलिशची किल्ली आधीच आहे. ती कोणत्या कुलपाला लागते आणि कोणत्या लागत नाही, एवढेच पाहावयाचे.

प्रथम उच्चारांविषयी थोडे. पोलिश भाषा रोमन लिपीत लिहिली जाते. काही अक्षरांना वर टिंब, काहींना आडवी रेघ, तर काहींना खाली शेपटी असते. या लेखात 'व्ह' हा 'व्हिटॅमिन'मधल्यासारखा आणि नुसता 'व' दोन्ही ओठ गोल करून म्हणावयाचा. 'झ' हा 'झेड' या अक्षराच्या उच्चारातला, महाप्राण नसलेला. पोलिशमध्ये 'चांगला'मधला दंत्य 'च' आणि 'चार'मधला तालव्य 'च' हे दोन वेगळे वर्ण आहेत. इंग्रज विद्यार्थी हा भेद शिकताना मेटाकुटीला येतो. आपल्याला तो आयताच मिळतो. 'जागा' आणि 'जीवन' यांतल्या 'ज'चेही तसेच.

आता वाक्याकडे वळू. 'पियें' म्हणजे 'मी पितो'. यात 'मी' हा शब्द नाही आणि त्याची गरजही नाही, कारण क्रियापदाचा शेवटच कर्ता सांगतो. पियें, पियेष, पिये, पियेमी, पियेचे, पियों : मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. संस्कृतच्या तासाला म्हटलेले पिबामि, पिबसि, पिबति ज्याच्या कानात अजून घुमत असेल, त्याला येथे परके वाटू नये. 'तू'च्या रूपातला 'ष' आणि 'पिबसि'मधला 'सि' यांचे नाते उघड आहे. धातूही एकाच कुळातला, आणि आपले 'पिणे'ही त्याच घरचे. फरक एवढाच की वर्तमानकाळात मराठी क्रियापद 'पितो' आणि 'पिते' असे बोलणाऱ्याचे लिंग सांगते, पोलिश क्रियापद ते सांगत नाही. मात्र ही सवलत वर्तमानापुरतीच आहे, हे पुढे दिसेल.

दुसरा शब्द 'काव्हें'. कोशात पाहावयास जाल तर तो 'काव्हा' असा सापडेल. 'काव्हा' स्त्रीलिंगी आहे, जशी आपली कॉफी. आणि दूध म्हणजे 'म्लेको' हे नपुंसकलिंगी, जसे आपले दूध. हिंदीने नपुंसकलिंग सोडून दिले. मराठीने, गुजरातीने आणि कोकणीने ते जपले. त्यामुळे तीन लिंगे असलेली भाषा म्हटल्यावर मराठी माणसाला दचकण्याचे कारण नाही. उलट पोलिशमध्ये लिंग ओळखणे मराठीपेक्षा सोपे आहे. 'आ'ने संपणारे नाम बहुधा स्त्रीलिंगी, 'ओ' वा 'ए'ने संपणारे नपुंसकलिंगी आणि व्यंजनाने संपणारे बहुधा पुल्लिंगी. अपवाद आहेत, पण ते मोजता येण्याजोगे.

कॉफी हे पिण्याचे कर्म, म्हणून द्वितीया; 'काव्हा'चे 'काव्हें' झाले. ही अनुनासिकता म्हणजे आपल्या 'माला'च्या द्वितीयेतला, 'मालाम्'मधला 'म्' होय. हजारो वर्षांच्या वापराने झिजून तो स्वरात मुरला आहे. लिहिताना तो शेपटीच्या अक्षराने दाखवतात, पण रोजच्या बोलण्यात शब्दाच्या अंती तो ऐकू येत नाही. लोक सरळ 'पिये काव्हे' म्हणतात. जुन्या मराठी पुस्तकांत 'त्यानें काम केलें' असे अनुस्वार असत आणि वाचताना कोणी ते उच्चारीत नसे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी आपण ते काढून टाकले. पोलिश लोकांनी ठेवले आहेत. येथेही ते अनुस्वारानेच दाखवले आहेत, ते डोळ्यांना विभक्ती दिसावी म्हणून.

'काव्हा'ची एकवचनी रूपे एका दमात सांगता येतात. कॉफी : काव्हा. कॉफीचा वा कॉफीपासून : काव्ही. कॉफीला : काव्ह्ये. कॉफी हे कर्म : काव्हें. कॉफीने : काव्हों. कॉफीत वा कॉफीविषयी : पुन्हा काव्ह्ये. आणि कॉफीलाच हाक मारावयाची झाल्यास : काव्हो. एकूण सात विभक्त्या. संस्कृतच्या यादीशी ताडून पाहिल्यास एकच कमी आहे, ती पंचमी. पण ती हरवलेली नाही. स्लाव्ह भाषांत षष्ठीने तिचे काम स्वतःकडे घेतले, आणि गंमत अशी की, पुष्कळ नामांत काम षष्ठीने घेतले तरी रूप पंचमीचेच टिकले. लांडग्याला पोलिशमध्ये 'व्हिल्क' म्हणतात. हा शब्द आपल्या 'वृक'चा सख्खा भाऊ. 'लांडग्याचा' म्हणजे 'व्हिल्का'. हा 'आ' संस्कृत 'वृकात्'मधला आहे, 'वृकस्य'शी त्याचा संबंध नाही. म्हणून पोलिश षष्ठी ही 'चा-ची-चे' आणि 'पासून, हून' या दोहोंची गोळाबेरीज आहे, असे सुरुवातीलाच मनाशी ठरवून टाकावे; पुढचा बराच त्रास वाचतो.

आता उरले 'झ म्लेक्येम'. 'झ' म्हणजे 'सह' आणि 'म्लेक्येम' ही 'म्लेको'ची तृतीया. शाळेत 'सह'च्या योगे तृतीया हा नियम शिकवतात, 'रामेण सह'. तोच नियम येथे अक्षरशः चालतो. पोलिशमध्ये या विभक्तीचे नाव 'नाझेंद्निक' असे आहे आणि ते अवजार या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे, म्हणजे आपले 'करण'च. 'चाकूने कापतो' यातील 'ने' दाखवताना पोलिशमध्ये कोणताही वेगळा शब्द लागत नाही, नुसती तृतीया पुरते; सोबत असेल तेव्हाच 'झ' हवा.

हा 'झ' मात्र वाटतो तितका भाबडा नाही. तो मुळात दोन वेगळ्या शब्दांचा आहे. काळाच्या ओघात दोघांचा उच्चार एक झाला. एकाचा अर्थ 'सह', दुसऱ्याचा 'मधून, पासून'. पहिल्यापुढे तृतीया येते, दुसऱ्यापुढे षष्ठी. 'झ म्लेक्येम' म्हणजे दुधासह आणि 'झ म्लेका' म्हणजे दुधापासून. कॉफी दुधासह असते, चीज दुधापासूनचे असते. 'झ' ऐकून काहीच कळत नाही. कळते ते शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून. इंग्रजी वाचून ज्याला वाक्याच्या सुरुवातीकडे आणि अव्ययांकडे लक्ष देण्याची सवय लागली आहे, त्याने पोलिश ऐकताना कान शेवटाकडे वळवले पाहिजेत.

'झ'च्या विरुद्ध 'बेझ', म्हणजे 'शिवाय, विना'. त्यापुढे षष्ठी : 'काव्हा बेझ म्लेका', बिनदुधाची कॉफी. संस्कृतात 'विना'पुढे ज्या विभक्ती चालतात त्यांत पंचमीही आहे, आणि पोलिश षष्ठीच्या पोटात पंचमी दडलेली आहे, हे वर आलेच. ज्यांना दूध सोसत नाही त्यांच्यासाठी हा एक शब्द फार मोलाचा. शाकाहारी मंडळींसाठी त्याहून अधिक. मांसाला पोलिशमध्ये 'म्येंसो' म्हणतात. होय, हा आपला 'मांस'च. दोन्ही शब्द एकाच आद्य शब्दापासून निघाले आहेत. करंजीसारखा आकार देऊन उकडलेले 'प्येरोगी' हा तेथला घरोघरीचा पदार्थ. पाटीवर 'झ म्येंसेम' असेल तर आत मांस आहे. 'बेझ म्येंसा' असेल तर नाही. गडबडीत 'म्येंस' एवढेच कानावर पडले तर दोन्हींत फरक उरत नाही. बटाटा आणि पनीरसारखे पांढरे चीज भरलेले प्येरोगीही मिळतात व ते शाकाहारी म्हणून सांगितले जातात, पण त्यांवर पुष्कळदा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे पसरलेले असतात. तेव्हा बटाट्याचे प्येरोगी मागवतानाही 'बेझ म्येंसा' म्हणणे शहाणपणाचे.

साखरेचे उदाहरण घेतले की आणखी एक गोष्ट दिसते. साखर म्हणजे 'चुक्येर', दंत्य 'च'चा. जर्मनमार्गे आणि त्याआधी अरबीमार्गे हा शब्द आपल्या 'शर्करे'पर्यंत मागे जातो. पण 'साखरेसह' म्हणताना 'चुक्येरेम' होत नाही, 'स चुक्रेम' होते. पुढच्या कठोर 'च'मुळे 'झ'चा उच्चार 'स' झाला आणि मधला 'ए' गळून पडला. पाठ्यपुस्तके याला पळपुटा स्वर म्हणतात. आपण त्यात नवल मानू नये. माणूस–माणसाला, कापूस–कापसाचा, बेडूक–बेडकाला यांत आपण हेच करतो. मेजाला 'स्तुव' म्हणतात आणि मेजावर म्हणजे 'ना स्तोले'. आतला स्वर बदलला, जसा मूल–मुलाला यात बदलतो. प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे 'सामान्यरूप' होते, ही कल्पना मराठी मुलाला सातवी-आठवीत कळते. पोलिशमध्ये तेच, फक्त व्यंजनेही अधूनमधून बदलतात.

आतापर्यंत मराठीने साथ दिली. आता वाक्यात नकार घालू, म्हणजे ती कोठे सुटते ते दिसेल. 'मी दुधाची कॉफी पीत नाही' : 'न्ये पियें काव्ही झ म्लेक्येम'. 'न्ये' म्हणजे 'न', हे सरळच. परंतु 'काव्हें' होती तिची 'काव्ही' झाली! कर्म द्वितीयेतून षष्ठीत गेले. वाक्य नकारार्थी झाले की द्वितीयेतील कर्माची षष्ठी करावयाची, हा पोलिशचा कडक नियम आहे. रशियनमध्ये तो बराच सैल झाला आहे, पोलिशमध्ये नाही. 'झ म्लेक्येम' मात्र जागचे हलत नाही, कारण ते कर्म नव्हे. मराठीत 'कॉफी पितो' आणि 'कॉफी पीत नाही' यांतली कॉफी एकच. म्हणून मराठी बोलणारा येथे चुकतो आणि वर्षानुवर्षे चुकत राहतो.

तरीही नियमामागचा विचार आपल्या भाषेला अगदीच अनोळखी नाही. घरात दूध नसेल तर आपण 'दुधाचा पत्ता नाही', 'दुधाचा थेंब नाही' असे म्हणतो. नसलेली वस्तू सांगताना षष्ठीकडे वळतो. पोलिशमध्ये 'दूध आहे' याला 'येस्त म्लेको' आणि 'दूध नाही' याला 'न्ये मा म्लेका'. 'थेंब' वा 'पत्ता' हा शब्द गाळून नुसती षष्ठी ठेवली, असे समजावे. 'कॉफीत साखर नाही' याला 'फ काव्ह्ये न्ये मा चुक्रू' म्हणतात. त्यातील 'चुक्रू'ही षष्ठीच, पण येथे प्रत्यय 'आ' नसून 'ऊ' आहे. पुल्लिंगी निर्जीव नामांना षष्ठीत 'आ' लावावयाचा की 'ऊ', याचा खात्रीचा नियम नाही. कित्येक शब्दांबाबत पोलिश माणसेही अडखळतात. तेथे कोश उघडणे हाच मार्ग.

हीच षष्ठी होकारार्थी वाक्यातही 'थोडेसे' या अर्थाने येते. 'दाय म्लेको' म्हणजे 'दूध दे', समोर आहे ते. 'दाय म्लेका' म्हणजे 'जरा दूध दे', त्यातले थोडे. ('दाय' हा आपल्या 'दे'चाच भाऊबंद.) एका स्वराने केवढा फरक पडतो, हे ज्याला एकदा जाणवले त्याला पुढे या विभक्तीची भीती राहत नाही.

कर्माबाबत आणखी एक साम्य आहे आणि ते इंग्रजी पुस्तकांत कधीच सांगितले जात नाही. मराठीत 'मी घर पाहतो', पण 'मी कुत्र्याला पाहतो'. निर्जीव कर्माला प्रत्यय नाही, सजीवाला 'ला'. पोलिश पुल्लिंगी नामांत हुबेहूब हीच विभागणी आहे. 'व्हिजें दोम' म्हणजे घर पाहतो. 'दोम' जसाच्या तसा राहिला. 'व्हिजें प्सा' म्हणजे कुत्र्याला पाहतो. कुत्रा 'प्येस', त्याचे 'प्सा' झाले. सजीवाची द्वितीया षष्ठीसारखी होते, निर्जीवाची प्रथमेसारखी. अर्थात लोकव्यवहार कोणत्याही नियमाला वाकवतोच. केळे हे काही सजीव नव्हे, तरी पोलिश लोक सर्रास 'येम बानाना' म्हणतात. आपल्या चालीने सांगायचे तर 'मी केळ्याला खातो'. सिगारेट आणि मोटारीची नावे यांनाही असाच सजीवांचा मान मिळतो. स्त्रीलिंगी कॉफी या भानगडीपासून दूर आहे, म्हणूनच पहिले वाक्य म्हणून ती सोयीची.

भूतकाळात गेले की सवलत संपते. पुरुष म्हणेल 'पिवेम काव्हें', स्त्री म्हणेल 'पिवाम काव्हें'. येथे पोलिश क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगू लागते. 'मी कॉफी प्यालो' आणि 'मी कॉफी प्याले' ही मराठी वाक्ये शेजारी ठेवली तर जोडी तंतोतंत जमते. यातला पोलिश 'व' हा पूर्वीचा 'ल' आहे. लिहिताना आजही आडव्या रेघेचा 'ल'च लिहितात. मराठीचा भूतकाळी 'ल' आणि हा 'ल' यांना एकच मानण्याचा मोह होतो. तो आवरावा, आपला 'ल' प्राकृतातल्या वेगळ्या प्रत्ययातून आला आहे. शिवाय ही जुळणी 'पिणे' या क्रियापदाच्या कृपेने झाली आहे. सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालणाऱ्या मोजक्या मराठी क्रियापदांपैकी ते एक. 'विकत घेणे' घेतले की वाटा फुटतात. 'मी कॉफी घेतली' यात मराठी क्रियापद कॉफीकडे पाहते, मग बोलणारा पुरुष असो वा स्त्री. पोलिश 'कुपिवेम' आणि 'कुपिवाम' मात्र कॉफीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मराठी स्त्रिया कॉफीच्या वाक्यात बरोबर येतात आणि खरेदीच्या वाक्यात पुरुषी रूप वापरून मोकळ्या होतात, याचे कारण हे.

'पिवाम काव्हें' म्हणजे कॉफी प्याले, पण कप रिकामा झाला की नाही ते सांगितले नाही. तो रिकामा झाला असेल तर 'व्हीपिवाम काव्हें'. पोलिशमधील बहुतेक क्रियापदांची अशी जोडी असते, एक चालू वा नेहमीच्या क्रियेसाठी, दुसरे तडीस गेलेल्या क्रियेसाठी. इंग्रजीच्या काळांवरून हे समजावण्याचा खटाटोप निष्फळ ठरतो. 'पीत होते' आणि 'पिऊन टाकली' यांतला फरक ज्याला घरबसल्या कळतो, त्याला फार सांगावे लागत नाही. 'टाकणे', 'संपवणे', 'बसणे' जोडून आपण जे करतो ते पोलिश भाषा क्रियापदाच्या पुढे उपसर्ग लावून करते.

पोलिश भाषेचा आवाज महाराष्ट्राला सर्वस्वी नवा नाही. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. 'न्ये मा म्लेका' हे वाक्य पंचगंगेच्या परिसरातही केव्हा ना केव्हा ऐकू आले असेल.

शेवटी प्रत्यक्ष कॉफी मागवू. तेथे 'पियें' ऐवजी 'पोप्रोशें' म्हणावयाचे, 'कृपया द्यावी' अशा अर्थी. हा धातू आपल्या 'प्रश्ना'च्या गोत्रातला. 'पोप्रोशें काव्हें झ म्लेक्येम.' दोघे असाल तर 'द्व्ये काव्ही'. 'द्व्ये' ऐकताच संस्कृतचे 'द्वे' आठवावे, तेही स्त्रीलिंगीच. तिघे वा चौघे असाल तर तीन आणि चार या संख्यांपुढेही 'काव्ही' हेच अनेकवचन : 'च्तेरी काव्ही'. पण पाचपासून निराळे राज्य सुरू होते. 'प्येंच' म्हणजे पंच, आणि त्यापुढे अनेकवचनी षष्ठी : 'प्येंच काफ'. षष्ठीत प्रत्ययच उरत नाही, नाम 'काव्ह'वर थांबते आणि शब्दान्ती 'व्ह'चा उच्चार 'फ' होतो. पाच ही संख्या पूर्वी तेथे नाम होती, 'पंचक' यासारखी. म्हणून 'कॉफ्यांचे पंचक'. आपण 'पाच केळी ठेवली आहेत' म्हणतो, पण 'केळ्यांची एक फणी ठेवली आहे' म्हणताना केळ्यांची षष्ठी होते आणि क्रियापद एकवचनी होते. पोलिशमध्ये पाच आणि त्यापुढे प्रत्येक संख्या ही अशी फणी आहे. मेजावर दोन कॉफी 'स्तोयों', अनेकवचनी. पाच कॉफी 'स्तोयि', एकवचनी. बारा, तेरा, चौदा पाचाच्या बाजूचे; बावीस, तेवीस, चोवीस पुन्हा दोनाच्या बाजूचे. तेव्हा चौघांसाठी 'च्तेरी काव्ही' सांगून झाल्यावर ऐन वेळी पाचव्याने हात वर केला, तर नुसता आकडा बदलून भागत नाही. 'काव्ही'ची 'काफ' करावी लागते. 'झ म्लेक्येम' तेवढे जसेच्या तसे.